उजव्या अंगठ्याचा गुरुवार

आज्ञा गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, सकाळी सिप्रियनने पंखा बंद करायला लावला, कारण वारा अंगठ्याला लागत होता.

लिलीने पंखा बंद केला. मग त्याने पायावरची चादर काढायला लावली. मग खिडकीचा पडदा बांधून ठेवायला लावला, कारण तो हलताना बघूनसुद्धा दुखत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात लिलीने नवऱ्याच्या अंगठ्याकडे मुद्दाम असं कधी पाहिलं नव्हतं. आज घरात दुसरं काही बघण्यासारखंच नव्हतं. अंगठा लालबुंद झाला होता, तकतकत होता, आणि उरलेली चार बोटं त्याच्यापासून जरा सरकून बसल्यासारखी दिसत होती. डावा पाय शेजारी पडला होता, या प्रकरणाशी आपला काही संबंध नसल्यासारखा.

"टोमॅटो," लिली म्हणाली.

"काय टोमॅटो?"

"काल सारात टोमॅटो होता. एस्थर सांगत होती, गाऊटला टोमॅटो वाईट."

"एस्थरला गाऊट आहे?"

"नाय."

"मग तिला कोन विचारतंय?"

लिलीने फ्रीजर उघडला. बर्फ नव्हता. कोलंबीची गोठलेली पिशवी होती. ती तिने अंगठ्यावर ठेवली आणि सिप्रियनने असा आवाज काढला की भिंतीपलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकली.

तिला कळत नव्हतं ते एवढंच, की हे आत्ता का व्हावं. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, तेव्हापासून हा माणूस संतासारखा वागत होता. उपवासकाळात लोक एखादी गोष्ट सोडतात. सिप्रियनने चार सोडल्या. डुक्कर सोडलं, मटण सोडलं, बिअर सोडली, आणि चौथी गोष्ट कुठली ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितल्यावर पुण्य कमी होतं. लिलीनेही हात आखडता घेतला नव्हता. अर्नाळ्याच्या डेल्फिनकडून सुके बोंबील मागवले, जवळा मागवला, दारावर तारली आली की घेतली. देवाचा उपास आणि डॉक्टरचं पथ्य तिने एकाच ताटात वाढलं होतं.

आणि आजच. धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीत, आळ्या बारा. आज्ञा गुरुवारच्या मिस्सात, संध्याकाळच्या प्रार्थनाविधीत, फादर बारा जणांचे पाय धुतात, पुसतात आणि वाकून त्यांचं चुंबन घेतात. आळीमागे एक माणूस, आणि आळीत घरोघर पाळी. वरच्या आळीत घरं एवढी, की पाळी फिरून येईपर्यंत बापाची खुर्ची मुलाच्या वाट्याला येते. सिप्रियनचे वडील, अप्पा, बसले होते तेव्हा सिप्रियन फादरांच्या हाताखालचा वेदीसेवक पोरगा होता. फादरांनी पाय हातात घेतल्यावर अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं होतं. आळी म्हणाली, अप्पांना देव भेटला. तेव्हापासून सिप्रियन आपल्या पाळीची वाट बघत होता. पुढची पाळी येईल तेव्हा मुलाचे, जेसनचे, केस पिकलेले असतील, आणि सिप्रियन दफनभूमीत असेल.

पाळी घराची असते, माणसाची नाही. एकाला जमलं नाही तर त्याच घरातला, त्याच पिढीचा दुसरा बसतो. या घरातला दुसरा भिंतीपलीकडे राहत होता, आणि त्याचीच खुर्ची सरकली होती.

भिंत जेसनच्या लग्नानंतर आली. लग्नाच्या पंगतीत सिप्रियनच्या धाकट्या भावाने, बेनेडिक्टने, इंद्यालाचं ताट न शिवता परत पाठवलं. डुकराच्या इंद्यालाशिवाय इथे लग्न लागलं असं कुणी मानत नाही. ताट परत आलेलं सिप्रियनने पाहिलं, आणि त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे भिंत घातली ती हॉलच्या खिडकीच्या बरोबर मधोमध आली. दोघांना अर्धी अर्धी खिडकी मिळाली आणि ती उघडायला दोघांची संमती लागायला लागली. ती तेव्हापासून बंद आहे.

*

जेसनने सातिवलीच्या कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि डॉक्टरला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

डॉक्टर हार्दिक शहांचा दवाखाना बोळिंजला. माणूस हुशार, हसरा. त्यांच्या घरात कांदासुद्धा जपून येत असे.

"ताप आहे?"

"नाही."

"ठेच, जखम?"

"नाही. झोपले तेव्हा ठीक होते. उठले तर हे."

"मटण, पोर्क?"

"राखेच्या बुधवारपासून बंद," जेसन म्हणाला.

"व्हेरी गुड. बिअर?"

"बंद."

"मग जेवतात काय?"

या प्रश्नाची लिली सकाळपासून वाट बघत होती. तिने फोनवर वाकून सांगितलं, "सुका बोंबील. जवळा. तारली. मधे मधे कोलंबी."

"एक मिनिट. जवळा म्हणजे?"

"बारीक कोलंबीसारखा असतो. सुकवलेला."

"आणि तारली? ती पण सुकी?"

"नाय नाय, तारली ताजी. अंडीवाली."

"रोज?"

"दोन्ही वेळ," लिली अभिमानाने म्हणाली.

फोनमधून थोडा वेळ फक्त पंखा ऐकू आला. डॉक्टरांच्या घरी पंखा चालू होता.

"काकी," डॉक्टर हळूच म्हणाले, "युरिक ॲसिडच्या हिशोबाने यापेक्षा मटण परवडलं असतं. पण हे मी बोललो म्हणून सांगू नका, ते मटण चालू करतील. बरं, रोजची गोळी चालू आहे ना?"

सगळ्यांनी सिप्रियनकडे पाहिलं. सिप्रियनने बंद पंख्याकडे पाहिलं.

"पप्पा?"

"सोडली."

"कधी?"

"राखेच्या बुधवारी."

"उपासाला गोळी कोण सोडतं?"

"गोळी मटनासाठी होती. मटन नाय, तर गोळी कशाला?"

हा विचार इतका नीट बसवलेला होता की त्यात चूक कुठे आहे हे शोधायला जेसनला थोडा वेळ लागला. डॉक्टरांना सवय असावी.

"काका, गोळी मटणासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुमची बॉडी युरिक ॲसिड नीट बाहेर टाकत नाही. ते रक्तात साठतं आणि सांध्यात जाऊन त्याचे बारीक खडे होतात, काचेच्या चुऱ्यासारखे. ते होऊ नयेत म्हणून ती गोळी, दुखत नसताना सुद्धा घ्यायची."

"आनि दुखेल तेव्हा?"

"तेव्हाची वेगळी. मी लिहून पाठवतो, ती आजच चालू करा."

"आनि रोजची पन परत चालू?"

"नाही, ती लगेच नको. हा अटॅक बसू दे, मग मी सांगेन तेव्हा."

सिप्रियन उशीवर थोडा वर सरकला. "म्हनजे दुखत नाय तेव्हा जी घ्यायची, ती सोडली म्हनून दुखतंय. आनि दुखतंय म्हनून ती आता घ्यायची नाय."

"बरोबर."

"डॉक्टर, तुम्ही कुठल्या बाजूनं आहात?"

"पाय उंच ठेवा, पाणी भरपूर प्या, चालू नका, अंगठ्याला कुणी हात लावू नका," डॉक्टर म्हणाले.

जेसनने घसा साफ केला. "डॉक्टर, आज संध्याकाळी त्यांचा पाय धुवायचा आहे."

"घरी पुसून घ्या ना."

"फादर धुणार. चर्चमध्ये. सगळ्यांसमोर."

"का?"

"येशूने शिष्यांचे धुतले होते. मग पुसतात. मग किस करतात."

"अंगठ्याला?"

"पायाला. उजव्या."

"आणि अंगठा कुठला?"

"उजवा."

डॉक्टरांनी फोन ठेवण्यापूर्वी एवढंच सांगितलं की वैद्यकीय पुस्तकांत याबद्दल काही नाही.

सिप्रियन म्हणाला, "मी जानार." आणि पाय किंचित हलवला, आणि डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. जेसनने ते मिटलेले डोळे पाहिले. मग तो चपला घालून पुढच्या दाराने बाहेर पडला आणि तीन ढांगांवरच्या दुसऱ्या पुढच्या दाराने आत गेला.

*

बेनेडिक्टला काही नव्याने सांगायची गरज नव्हती. भिंत एका विटेची होती आणि स्पीकर मोठा होता. डॉक्टरांची सगळी वाक्यं तो त्यांच्या आधी पुटपुटला होता, कारण त्याच्या डॉक्टरांनी त्याला तीच ऐकवली होती.

रोज सकाळी उठल्यावर बेनेडिक्ट दोन ग्लास पाणी पीत असे आणि जपमाळेच्या डबीतून एक गोळी काढून गिळत असे. जपमाळ खिळ्याला टांगलेली असे. लग्न त्याने केलं नव्हतं, तेव्हा विचारणारंही कुणी नव्हतं. आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, पाय हेच त्याचं भांडवल. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, वरच्या आळीचा फणसाच्या लाकडाचा क्रूस तोच उचलायचा, आळीपासून देवळापर्यंत, म्हणजे चर्चच्या दारापर्यंत. ज्याचा पाय दुखतो त्याच्या खांद्यावर आळी क्रूस देत नाही. आळीप्रमुख पॉल तर बेनेडिक्ट कधी लंगडतो याचीच वाट बघत होता. म्हणून डबी.

उपवासकाळ सुरू झाल्यापासून भिंतीपलीकडून जवळ्याचा वास येत होता. बेनेडिक्टला कळत होतं, हे कुठे जाणार. सांगायचं तर आधी बोलावं लागलं असतं.

"काका," जेसन दारातच म्हणाला, "आज तुम्ही बसा."

बेनेडिक्टला आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली. लाज थोडी ओसरल्यावर आनंद तिथेच होता.

"तुझ्या बापानं सांगितलं?"

"पप्पांना माहीत नाही. पण काका, ते उभे सुद्धा राहू शकत नाहीत. हट्टाने गेले आणि फादरांनी अंगठा धरला, तर वेदीसमोर काय बोलतील ते तुम्हाला माहीत आहे."

बेनेडिक्टला माहीत होतं. त्यांतले काही शब्द त्यानेच भावाला शिकवले होते.

"येतो म्हनावं," तो म्हणाला. जेसन गेल्यावर त्याने उजवा पाय स्टुलावर ठेवून पाहिला. पाय चांगला होता, शिस्तीचा, कित्येक महिन्यांत एक तक्रार नाही. त्याने नेलकटर शोधलं.

*

दुपारी पॉल आला, आणि त्याच्या मागोमाग बेनेडिक्ट.

जेसनची बायको प्रिन्सी लग्न होऊन आल्यापासून बेनेडिक्टकाकांनी या दारातून पाऊल आत टाकलं नव्हतं. त्यांना कुठे बसवायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी प्रिन्सीने भिंतीला लागून खुर्ची ठेवली, म्हणजे ते जवळजवळ आपल्याच घरात बसले. ती आली आणि भिंत आली, असं आळीत कुणी तिला तोंडावर म्हटलं नव्हतं. एवढंच, की पाहुण्यांना घर दाखवताना लिलीमम्मी म्हणायच्या, "ही आमची सून, आनि ही भिंत."

पॉल पाणी प्यायला आणि मुद्द्यावर आला. "खुर्ची रिकामी राहनार नाय. मागे एकदा तळ्याच्या आळीचा मानूस आला नाय, तर अकराच पाय झाले. लोक अजून तो विषय काढतात."

"रिकामी कशाला राहील? मी आहे," सिप्रियन म्हणाला.

"उभं राहून दाखव."

सिप्रियनने दोन्ही हात पलंगावर टेकले, उजवं पाऊल जमिनीला लावलं आणि आवाज न करता परत बसला. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले.

"बारावी खुर्ची आहे आपली," पॉल समजुतीच्या सुरात म्हणाला. "बारावा शिष्य कोन होता ते तुला ठाऊक आहे, येशूला दगा देनारा. त्या खुर्चीवर बसून तू ओरडलास तर लोक वेगळाच अर्थ काढतील."

"पप्पा, काका बसतील," जेसन म्हणाला. "घर तेच आहे."

"हे तुझं डोकं?"

"हो."

सिप्रियनने बायकोकडे पाहिलं. लिली पदराने हात पुसत होती, हात कोरडे होते. "जाऊ द्या त्याला," ती म्हणाली.

"लिली, तू पन."

"मी तुमच्याच बाजूनं आहे. तुमच्या अंगठ्याच्या बाजूनं नाय."

सकाळी या घरात सगळे सिप्रियनचे होते. आता त्याच्या बाजूला कोलंबीची पिशवी तेवढी उरली होती, आणि तीही वितळायला लागली होती. प्रिन्सीला वाटलं आपण काहीतरी बोलावं. काय, ते सुचेना.

"लिली, त्याला सांग," सिप्रियन म्हणाला, "माझ्या पोराच्या लग्नातला इंद्याल ज्यानं टाकला, तो माझ्या अप्पांच्या खुर्चीवर बसनार नाय."

लिली हातभर अंतरावर बसलेल्या दिराकडे वळली. "ते म्हनतात—"

"ऐकलं, वयनी."

प्रिन्सी बेनेडिक्टकडे बघत होती. तो भावाकडे बघत नव्हता. तो पिशवीकडे बघत होता.

"वयनी, त्याला सांगा, कोलंबी उघड्या कातडीवर ठेवू नको. मधे फडकं घाल, आनि थोडा वेळ ठेवून काढ. कातडी जळते."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत आहे."

"कसं?"

बेनेडिक्टने पॉलकडे एकदा पाहिलं. मग खिशातून जपमाळेची डबी काढली, उघडली आणि पलंगावर ठेवली. प्रिन्सीने आतली पट्टी उचलली. राखेच्या बुधवारपासून कपाटात पडून असलेली सासऱ्यांची पट्टी तिने आणून शेजारी धरली. नाव एकच होतं.

"कधीपासून, काका?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून. लग्नाच्या दिवशी अंगठा असाच होता. डाव्या पायाचा बूट बरोबर बसला, उजवा मी पुढून कापून घातला आनि काळं पॉलिश मोज्याला लावलं. इंद्याल खाल्ला असता तर आनखी वाढलं असतं, आनि दुसऱ्या दिवशी मला चौघांनी उचलून घरी आनला असता. सगळ्या आळीनं बघितलं असतं."

"लिली, त्याला विचार, मला का नाय सांगितलं?"

"त्याला सांगितलं असतं तर त्यानं पंगतीतच सांगितलं असतं, त्याचा आवाज तसा आहे," बेनेडिक्ट लिलीला म्हणाला. लिलीने मान हलवली. हे खरं होतं.

"म्हनजे तुझ्या पायाला—" पॉल पुढे सरकला. "मग उद्याचा क्रूस?"

"उद्याचं उद्या बोलू, पॉल."

"नाय, मी आपला विचारतोय. मी मोकळाच आहे."

सिप्रियन दोन्ही पट्ट्या हातात घेऊन बसला होता. एक त्याने डोळ्यांजवळ धरली, मग दुसरी. "दोघांना एकच," तो कुणाला तरी म्हणाला. "हे घरातून येतं?"

"येतं, पप्पा. फॅमिलीत असतं," प्रिन्सी म्हणाली.

"आमच्या फॅमिलीत कुनालाच नव्हतं."

तेव्हा लिली म्हणाली, "मग अप्पांचा काटा?"

अप्पांच्या पायात बाभळीचा काटा गेला होता, ही या घरातली सगळ्यात जुनी गोष्ट. प्रिन्सीला ती साखरपुड्याच्या दिवशीच सांगितली गेली होती. काटा उजव्या अंगठ्यात होता. तो कधी दिसला नाही. कधी महिनोन्महिने गप्प बसायचा, आणि नाताळ झाला, कुणाचं लग्न झालं की पुन्हा वर यायचा. अंगठा सुजायचा, लाल व्हायचा. अप्पांना चौघे धरायचे आणि सुई तापवून काटा शोधायचे. काटा अखेर अप्पांबरोबरच पुरला गेला. एवढा चिवट काटा वसईत दुसरा झाला नाही, असं सगळे अभिमानाने सांगायचे.

जेसनने दोन्ही पट्ट्यांकडे पाहिलं.

"म्हणजे काटा नव्हताच," जेसन म्हणाला.

"मी कंदील धरायचो," बेनेडिक्ट म्हणाला.

सिप्रियनने पट्ट्या खाली ठेवल्या. "लिली, त्याला सांग, सुई मी धरायचो."

लिलीने हे सांगितलं नाही.

"मग आजोबा देवळात रडले," जेसन म्हणाला, "तो पण उजवाच पाय ना?" त्याला लगेच वाटलं की हे विचारायला नको होतं. पण विचारून झालं होतं. सिप्रियनचा चेहरा असा झाला की त्याला देवाने फसवलं, की अप्पांनी, की युरिक ॲसिडने, हे ठरवायला त्याला आणखी एखादा उपवासकाळ लागला असता.

"मी तरी जानार," तो शेवटी म्हणाला, पण आता कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

प्रिन्सीच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट फिरत होती: भिंत तिच्यामुळे आली नव्हती. भिंत एका बुटामुळे आली होती. हे इतकं हलकं वाटलं की तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "डावा पाय नाही का चालत?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"उजवाच असतो," पॉल म्हणाला.

"का?"

"असतो."

"कुणी सांगितलं?"

पॉलने तोंड उघडलं, मिटलं आणि फादरांना फोन लावला. फादर फुलांवरून कुणाला तरी बोलत होते. त्यांनी प्रश्न दोनदा विचारून घेतला. "पॉल, येशूने पाय धुतले एवढंच शुभवर्तमानात आहे. कुठला, ते नाही. डावा आणा, उजवा आणा, पण वेळेवर आणा."

पॉलने फोन खिशात ठेवला. पिढ्यानपिढ्यांचा नियम फुलांच्या गडबडीत गेला होता आणि पॉलला त्याचा अंत्यविधी करायलाही वेळ मिळाला नव्हता.

बेनेडिक्टने डबी परत खिशात टाकली. ताज्या कापलेल्या नखांच्या आपल्या उजव्या पायाकडे त्याने एकदा पाहिलं आणि तो पाय खुर्चीखाली घेतला. ते प्रिन्सीने पाहिलं.

"वयनी," तो म्हणाला, "त्याचा उजवा पाय लोंबकळत ठेवू नका. रक्त उतरलं की ठनकतो. स्टूल न्या. वर उशी. आनि रिक्षात मधे बसवा, पाय माझ्या मांडीवर राहील."

"तुम्ही येनार रिक्षात?"

"मग पाय कोनाच्या मांडीवर ठेवनार?"

*

रिक्षात सिप्रियनचा पाय बेनेडिक्टच्या मांडीवर होता, आणि दर खड्ड्याला बेनेडिक्ट तो पोटरीखालून अलगद वर उचलत होता, खड्डा यायच्या जरा आधी.

बाराव्या खुर्चीवरून देऊळ वेगळंच दिसत होतं. सिप्रियनच्या उजव्या पायाखाली स्टूल होतं, स्टुलावर उशी, उशीवर लिलीचा स्वच्छ टॉवेल, आणि त्यावर अंगठा, एखाद्या संताच्या अवशेषासारखा मांडलेला. दुपारच्या गोळीने दुखणं कमी झालं नव्हतं, जरा लांब जाऊन उभं राहिलं होतं. डावा पाय उघडा, जमिनीवर, वाट बघत. अकरा माणसं उजवा पाय पुढे करून बसली होती आणि शेवटचा एकटा डावा. मागच्या बाकांवर लोक माना वाकड्या करून बघत होते.

आपण बरोबर जागी बसलोय की चुकीच्या, हे त्याला कळेना. अप्पांच्या जागी बसायचं होतं, ते झालं. पण अप्पांच्या जागी नेमकं काय होतं, तेच आता माहीत नव्हतं. समोरच्या बाकावर लिली, जेसन, प्रिन्सी, आणि टोकाला बेनेडिक्ट. पॉल त्याच्या मागे बसून त्याच्या खांद्यांची रुंदी बघत होता.

फादर पहिल्या खुर्चीशी गुडघे टेकून बसले. तांब्यातून पाणी, टॉवेल, चुंबन. दुसरा. तिसरा. उजवा, उजवा, उजवा. गायकवृंदाचं गाणं संपत आलं. फादरांचं वय झालं होतं, गुडघे टेकून उठताना त्यांना वेदीसेवकाचा हात लागत होता, आणि अकराव्या पायापर्यंत त्यांचे हात डोक्याला न विचारता काम करायला लागले होते.

बाराव्या खुर्चीशी ते आले, वाकले, मान खाली. डावा पाय त्यांच्या पुढ्यात होता. त्यांचा हात त्याला ओलांडून उशीकडे गेला.

सिप्रियनला दिसलं. ओरडायला हवं होतं, किंवा निदान फादर म्हणायला. त्याने फक्त खुर्चीची कड घट्ट धरली. तेवढ्यात गाणं थांबलं. फादरांची बोटं अंगठ्यापासून वीतभर राहिली. मग बोटभर.

"फादर, डावा."

आवाज शाळेच्या अख्ख्या मैदानाला पुरेल असा होता. तो वेदीवर गेला, वर छताला लागला आणि परत आला. मागच्या बाकांवरची दोन-चार माणसं सवयीने ताठ उभी राहिली. त्यांना कधीतरी बेनेडिक्टने पी.टी. शिकवली होती.

फादरांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं, त्याचा रंग पाहिला, क्रुसाची खूण केली आणि हात डाव्याकडे नेला. पाणी थंड होतं. सिप्रियनच्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं हे त्याने स्वतःला विचारलं नाही. त्याने मान वळवली. लिलीकडे नाही. बाकाच्या टोकाकडे.

"बेनू, हळू बोल," तो म्हणाला. "मिस्सा चालू आहे."

बेनेडिक्टला हे थेट त्यालाच म्हटलंय हे कळायला एक क्षण लागला.

"मग तू आधी बोलायचंस," तो म्हणाला.

"बोलनारच होतो."

"कधी, अंगठा धरल्यावर?"

"तू मधे आलास."

"मी लांब बसलोय, दादूस. मधे कुठे आलो?"

फादर गुडघ्यांवर बसून, ओला डावा पाय एका हातात आणि टॉवेल दुसऱ्या हातात धरून, दोघांचं संपायची वाट बघत राहिले.